दाखवायचा दगड, झाकायचा दगड

14 ऑक्टोबर 2024

गोव्यात सासष्टीतल्या घराच्या डागडुजीचा आज पहिला पूर्ण दिवस. घर एकोणिसाव्या शतकातले. पुढे बाल्कांव, म्हणजे छपराखालचा ओटा, त्याच्या दोन्ही बाजूंना बसायचे सोपे, आत लांबलचक साला (दिवाणखाना), सालाच्या टोकाला देव्हाऱ्याचे कपाट. रस्त्याकडच्या सात खिडक्यांपैकी पाचांत अजून शिंपल्यांची तावदाने आहेत. छप्पर मंगळुरी कौलांचे आणि ते ठीक आहे, वासे चार-पाच बदलावे लागतील. दुखणे भिंतींचे आहे.

वीसेक वर्षांपूर्वी दर्शनी आणि पश्चिमेच्या भिंतीचा जुना गिलावा काढून सिमेंटचा केला गेला. करणाऱ्यांनी चांगल्या मनानेच केला असेल, एकदाचे काम होऊन जाऊ दे म्हणून. आता आतल्या बाजूने कमरेच्या उंचीपर्यंत ओल चढली आहे, रंगाचे पोपडे सुटलेत, हात लावला की भिंतीतून लाल माती झडते. बाहेरून हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले. निम्म्याहून जास्त ठिकाणी पोकळ आवाज येतो.

घराच्या मालकीणबाई 78 वर्षांच्या. सगळे गाव त्यांना आंटी म्हणते, म्हणून मीही. संध्याकाळी निघताना त्यांनी एकच विचारले, "पावस येवचे पयलीं जातलें मू?" होईल म्हटले. नोंदवहीच्या पहिल्याच पानावर हे लिहून ठेवते, म्हणजे शब्द विसरणार नाही.

22 ऑक्टोबर

पश्चिमेच्या भिंतीवर फूटभर चौकोन उघडला. वरून आत असे थर निघाले: प्लास्टिक रंगाचे दोन हात, सिमेंट पाऊण इंच, मग कोपऱ्यात चुकून राहिलेला जुन्या गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा, मग चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड.

त्या तुकड्यावर रंगाचे थर मोजले. सर्वात वर फिकट पिवळा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा पिवळा, पण गडद. पांढरा कुठेच नाही. पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे आणि घरांना दुसरा कोणताही रंग द्यावा लागे, असे गोव्यात सगळे सांगतात. या भिंतीपुरते तरी ते जुळते.

चिऱ्यांच्या सांध्यांत चुना नाही, माती आहे. इकडच्या जुन्या घरांत हे नेहमीचे. म्हणजे भिंत आतून माती, मध्ये सच्छिद्र चिरा आणि बाहेरून सिमेंटचा बंद डबा. जमिनीतून चढलेली आणि कौलांखालून झिरपलेली ओल बाहेर पडायला वाटच नाही. ती आतल्या बाजूने निघते, आणि निघताना क्षार पृष्ठभागावर सोडून जाते. लोणा लागतो तो असा. सिमेंट मजबूत आहे हे खरे, पण मऊ भिंतीवर मजबूत कवच चढवले की झिजायचे काम भिंतीच्या वाट्याला येते. चुन्याचा गिलावा उलट स्वतः झिजतो आणि भिंत राखतो. दर दहा-पंधरा वर्षांनी डागडुजी लागते ती त्याची, चिऱ्याची नाही.

9 नोव्हेंबर

कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना आला. मागच्या अंगणात खड्डा तयार होताच: सहा फूट बाय चार, तळाला विटा.

गवंडीकाका सावंतवाडीकडचे, मालवणी बोलतात. चुना विझवायची त्यांची रीत पक्की: आधी खड्ड्यात पाणी, मग त्यात चुना, उलटे कधीच नाही. ढेकळे पडली आणि दोन मिनिटांत पाणी खळाखळा उकळू लागले. सगळ्यांना चष्मे आणि हातमोजे घालायला लावले. काकांनी चष्मा घातला, पण नाराजीने. शेजारची मुले कुंपणावर चढून बघत होती, त्यांना लांब उभे केले.

निवल्यावर चाळणीतून गाळून दुसऱ्या खड्ड्यात घेतला. वर चार बोटे पाणी ठेवले आहे. हवा लागली तर चुना तिथेच दगड व्हायला लागतो, त्यामुळे हे पाणी रोज बघायचे. वापर फेब्रुवारीत. तोवर तो लोण्यासारखा होईल. मी जानेवारीची घाई करत होते. काका म्हणाले, "चुन्याक घाई चालणा नाय."

पूर्वी इथे शिंपल्या भाजून चुना करत. अशा भट्ट्या आता मिळणे कठीण, आपला चुना दगडाचा आहे.

3 डिसेंबर

आज सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, काम बंद. यंदा दहा वर्षांनी येणारे शवप्रदर्शनही आहे, 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत. शवपेटी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बासिलिकातून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेली आहे. आंटी पहाटेच्या बसने जाऊन दुपारी परतल्या.

त्या पहिल्यांदा गेल्या त्या 1952च्या प्रदर्शनाला, सहा वर्षांच्या असताना, वडिलांच्या खांद्यावर बसून. तेव्हा बासिलिकाची भिंत पांढरी होती की लाल, हे मी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारले. भिंत आठवत नाही. मेणबत्त्यांचा वास आठवतो, आणि वडिलांच्या टोपीची कड पायाला टोचत होती ते आठवते. तेही लिहून ठेवले.

18 डिसेंबर

पश्चिमेची भिंत पूर्ण उघडी. सिमेंट छिन्नीने हळूहळू काढले, मशीन लावू दिले नाही. तरी काही चिऱ्यांचा चेहरा सिमेंटसोबतच निघून आला. एकूण 11 चिरे इतके पोखरलेत की बदलावेच लागतील.

जांभा खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवेत राहून टणक होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन याने मलबारातल्या अंगडीपुरमजवळ तो पाहिला आणि 1807मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. तिथेही लोक तो विटेसारखाच कापत होते. पण टणक झाला तरी तो भोकाभोकांचा दगड. लोहाचा सांगाडा आणि पोकळ्यांत मऊ चिकणमाती. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या चिऱ्यावर तो वर्षानुवर्षे आपटत राहिला की आधी माती धुऊन जाते, मग उरते ती जाळी.

भिंत आता सहा-सात आठवडे वाळू द्यायची. या काळात आतून लोणा झाडून काढणे, दर आठवड्याला. पाण्याने धुवायचा नाही, धुतला की क्षार पुन्हा आत शिरतात.

7 जानेवारी 2025

आंटींचा भाचा आला आहे. खर्चातला मोठा वाटा त्याचा. लाल भिंत पाहून तो थांबला आणि म्हणाला, "किती देखणी दिसते! पुन्हा झाकायची कशाला? अशीच ठेवू, वरून पारदर्शक लेप मारू." त्याची चूक नाही. आजकाल नव्या हॉटेलांत, बंगल्यांत उघडा चिरा म्हणजेच गोवा असे झाले आहे. त्याने पुरावाही दिला, बासिलिका ऑफ बॉम जेझुस. "जगातले लोक ती लाल भिंत बघायला येतात."

मी वाद घातला नाही. उद्या बरोबर चल, म्हटले.

8 जानेवारी

जुने गोवे. प्रदर्शन संपून तीन दिवस झालेत, मांडव उतरवायचे चालू आहे.

आधी त्याला रस्त्याच्या मधोमध उभे केले. एका बाजूला से कॅथेड्रल. 1562ला सुरुवात, मुख्य इमारत 1619मध्ये पुरी, वेद्या 1652पर्यंत. 1776मध्ये दोन मनोऱ्यांपैकी एक पडला, तेव्हापासून एकाच खांद्यावर उभे आहे. आणि ते पांढरे आहे, चुन्याच्या गिलाव्याचे. दुसऱ्या बाजूला बॉम जेझुस, लाल. दोन्ही इमारतींचा अंगचा दगड एकच, जांभा. फरक एवढाच की बॉम जेझुसचा बाहेरचा गिलावा 1950च्या दशकात काढून टाकला गेला. दगड उघडा ठेवावा, म्हणजे वास्तू अधिक प्राचीन दिसते, असे त्या काळच्या पोर्तुगीज वास्तुरक्षकांचे मत होते. म्हणजे ही लाल बासिलिका जेमतेम सत्तर वर्षांची. त्याआधीची साडेतीनशे वर्षे ती गिलाव्यात होती.

हे सांगून त्याला फारसे पटले नाही. पटले ते दर्शनी भिंतीजवळ गेल्यावर.

या दर्शनी भागात दोन दगड आहेत. खांब, शिरोभाग, खिडक्यांच्या चौकटी, वरच्या भागातली येशूसंघाची आयएचएस ही अक्षरे, म्हणजे जिथे जिथे कोरीवकाम आहे तिथे काळा पाषाण. मधली भरणीची भिंत जांभ्याची. जांभ्यावर बारीक काम टिकत नाही, कड धरत नाही, म्हणून हा काळा दगड वसईहून आणला होता. गलबतांतून, एवढ्या लांबून! पायाभरणी 1594ची, अभिषेक 1605चा. बांधणाऱ्यांना नक्की ठाऊक होते, दाखवायचा दगड कोणता आणि झाकायचा कोणता. दाखवायचा त्यांनी समुद्रातून वाहून आणला, झाकायचा इथल्या खाणीतून काढला आणि त्याच्यावर चुना चढवला. पांढऱ्या भिंतीवर काळे कोरीवकाम, असा तो चेहरा होता. आता काळा आणि लाल एकमेकांत विरून जातात, नक्षी शोधावी लागते.

भाच्याने काळ्या खांबावरून हात फिरवला. चारशे वर्षांनंतरही कडा धारदार. मग बाजूच्या चिऱ्यांकडे बघितले, भोके पडलेले, कडा गोल झालेले. बराच वेळ तो काही बोलला नाही.

मी वसईची. तो काळा दगड आमच्याकडचा. बासिलिकासमोर मी कितीतरी वेळा आले आहे, तरी प्रत्येक वेळी घरचे माणूस परक्या गावात भेटावे तसे होते.

परतताना मोन्ती सांत टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यापाशी गेलो. 1602मध्ये पुरे झालेले ते चर्च. 1835मध्ये ख्रिस्ती धर्मसंघांची हकालपट्टी होऊन मठ रिकामा झाला. 1842मध्ये छताची कमान कोसळली. अवघी सात वर्षे! इतक्या जाड भिंतींना तेवढी पुरली. 1931मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. राहिलेला 46 मीटरचा सुळका आज उभा आहे. इथली मोठी घंटा मात्र वाचली. ती 1871मध्ये पणजीच्या चर्चला गेली आणि अजून वाजते.

गाडीत भाचा म्हणाला, आतल्या बोळातली एक भिंत तरी उघडी ठेवू या. ती कोरडी आहे, पाऊस लागत नाही, वर पक्के छप्पर आहे. मी हो म्हटले. पारदर्शक लेप मात्र नाही, तो म्हणजे काचेचे सिमेंट.

2 फेब्रुवारी

चार दिवस वसईला घरी. संत गोन्सालो गार्सियांचा सण. वसईत जन्मलेले हे संत 1597मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, 1862मध्ये त्यांना संतपद मिळाले. सणाच्या निमित्ताने सगळे किल्ल्यात जमतो.

या वेळी किल्ला कामाच्या नजरेने पाहिला. सेंट जोसेफच्या, म्हणजे मात्रिझच्या (मुख्य चर्चच्या) दारावरचा लेख वाचला. 1601मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात या चर्चचा जीर्णोद्धार झाला. याच मेनेझिसांनी चार वर्षांनी बॉम जेझुसचा अभिषेक केला. लहानपणापासून या दाराखालून मी जाते आहे, पण ही दोन सालं कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

आणि बांधणीची रीतही तीच. दारांच्या चौकटी, कमानी, कंगोरे घडीव दगडाचे, मधल्या भिंती ओबडधोबड दगडांच्या आणि गिलाव्याने झाकलेल्या. गिलावा बहुतेक गेला. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये कमानींच्या आतल्या अंगाला, जिथे पावसाचा थेट मार नाही, तिथे अजून तुकडे शिल्लक आहेत. एका तुकड्यावर बोटांचे ठसे दिसले. कुणा गवंड्याने ओल्या चुन्यावर टेकवलेली तीन बोटे. फोटो काढला, मोजपट्टी ठेवून.

मे 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शहर ओस पडत गेले, छपरे गेली. घंटा मात्र गावोगावच्या देवळांत पोचल्या आणि तिथे मानाने टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा 1721ची, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावरच्या देवळातली 1707ची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे. मेणवलीच्या घंटेखाली मी उभी राहिले आहे. पुजाऱ्यांनी वाजवून दाखवली होती.

20 फेब्रुवारी

पहिला हात सुरू. चुना 1, वाळू 3, त्यात थोडी सुरखी, म्हणजे विटेची भुकटी. वाळू नदीची, जाड, तीनदा धुतलेली. समुद्राची वाळू चालत नाही, तिच्यातल्या मिठाने पुन्हा लोणा. काकांच्या आग्रहावरून हिरड्याचे आणि गुळाचे पाणी, दोन्ही आठवडाभर मुरवलेले. प्रमाण त्यांच्या ओंजळीचे होते, मी प्रत्येक ओंजळ वजनकाट्यावर घालून लिहून घेतली. सुरुवातीला त्यांना राग आला. दुपारी आकडे वाचून दाखवले, तेव्हा सहा ओंजळींत फरक जवळजवळ नव्हताच. मग तेच ओंजळ काट्यावर धरू लागले.

बदललेले 11 चिरे जुन्या पाडलेल्या गोठ्यातले आहेत. सांधे मातीनेच भरले, त्यात थोडा चुना.

भिंत आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिजवली. एका हाताला जाडी 10 मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. थापीने जोरात मारून बसवायचा, मग रंध्याने दाबायचा, पुढच्या हाताला पकड मिळावी म्हणून वर ओरखडे. दुपारचे ऊन टाळायला बांबूंवर भिजलेली गोणपाटे टांगली. चुना वाळवायचा नसतो, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. उन्हाने पाणी ओढून घेतले की नुसती भुकटी उरते.

12 मार्च

खिडक्या. पाच खिडक्यांत मिळून 64 शिंपले फुटलेले किंवा गायब. हा चपटा, गोल, अभ्रकासारखा अर्धपारदर्शक शिंपला. लाकडी चौकटीत खाचा असतात, त्यांत चौकोनी कापलेले तुकडे सरकवतात, खिळा नाही, डिंक नाही. काचेआधीची ही काच. दुपारी तीनच्या उन्हात साल्यात जो दुधी उजेड पडतो, तो कुठल्याही दुधी काचेतून येत नाही. करून पाहिले आहे.

हा जीव झुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत अजून सापडतो, पण म्हणून तिथून काढायचा नाही. आधीच कमी उरला आहे. पाडलेल्या घरांच्या खिडक्या विकणाऱ्या एका भंगारवाल्याकडे तीन फळ्या मिळाल्या, त्यांतून 58 धड शिंपले निघाले. सहा कमी पडतात. वरच्या, सहज न दिसणाऱ्या रांगेत सहा जागा तात्पुरत्या काचेने भरल्या आणि चौकटीच्या आत तारीख लिहिली, म्हणजे पुढे कुणी त्यांना मूळच्या समजू नये.

एका घराची खिडकी दुसऱ्या घरात बसवताना बरे वाटत नाही. ते घर वाचले असते तर जास्त बरे झाले असते.

16 एप्रिल

दर्शनी भिंत पूर्ण: दोन हात, वर नीरू, म्हणजे चुन्याचा शेवटचा गुळगुळीत थर. रंगासाठी चुनकामात रामरज, म्हणजे पिवळी माती. जुन्या तुकड्याशी ताडून पाहायला नऊ नमुने केले. ओला असताना रंग फार गडद दिसतो आणि वाळला की निम्मा उतरतो, म्हणून प्रत्येक नमुन्याला तीन दिवस दिले. पाचवा जुळला. आंटींनी मात्र सातवा निवडला, किंचित गडद. त्यांच्या लग्नात घर असे होते म्हणाल्या. जुळणारा थर त्याहून जुना असणार. घर त्यांचे आहे आणि सातवाही जुन्या थरांपैकीच एकाच्या जवळ जातो. सातवा दिला.

पश्चिमेची भिंत मागे पडली आहे. गवंडी महिनाभर लग्नसराईत गुंतले होते.

20 मे

पश्चिमेचा शेवटचा हात आज संपला. वेळापत्रकापेक्षा तीन आठवडे उशीर. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरला होता, पण आजच ढग भरून आलेत आणि रात्री जोराची सर झाली. ताडपत्री लावली.

25 मे

मान्सून आला. केरळात काल पोचला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, आणि आज गोवा, कोकण. पाच दिवसांचा चुना आणि त्याच्यावर हा पाऊस.

ताडपत्री वाऱ्याने दोनदा फाटली. शिवाय तिच्या आत हवा कोंडते. काका आणि शेजारची चार माणसे सकाळी सहापासून नारळाच्या विणलेल्या झावळ्या बांधत होती. इथे त्यांना मल्लां म्हणतात. पूर्वी दर पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना बांधत. दोन घरांच्या पडवीत जुनी पडली होती, बाकीची आंटींच्या ओळखीने मिळाली. पाणी बाहेरून ओघळून जाते, आत वारा खेळतो. दुपारपर्यंत पूर्ण भिंत झाकली. भाचा मुंबईहून फोनवर दर तासाला विचारत होता. शेवटी मीच म्हटले, भिंत झाकली आहे, आता जेव.

आंटी सोप्यावर बसून होत्या. ऑक्टोबरात दिलेला शब्द मी पाळला नाही, हे मीच त्यांना सांगितले. त्यांनी माझ्या हातात चहा दिला.

14 जून

मल्लां एका बाजूने सोडवून पाहणी. भिंतीचे माप 31 चौरस मीटर. त्यातला पायथ्याजवळचा पावणेदोन चौरस मीटर गिलावा उखडला, पन्हळीचे पाणी उडत होते तिथला. वरचा सगळा धरून आहे. नखाने ओरखडा काढून पाहिला, चरा पडत नाही. आतल्या बाजूने हात फिरवला: गेल्या वर्षी जिथे माती झडत होती तिथे भिंत गार आहे, पण कोरडी. नवा लोणा दोन जागी, नकाशावर खूण केली.

करायचे: पन्हळीचे तोंड दोन फूट बाहेर काढणे (उद्याच). पायथ्याचा पट्टा आता छेडायचा नाही, ऑक्टोबरात. मल्लां गणपतीपर्यंत राहू द्यायची. आतल्या बोळातली उघडी भिंत दर महिन्याला बघून फोटो, भाच्याला पाठवणे.

खड्ड्यातला चुना अर्धा उरला आहे. वर पाणी चार बोटे. काकांनी त्यावर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर दगड.